क्वालालंपूरमध्ये भेटलेले आपले शब्द

परदेशप्रवास म्हटला की आपल्याकडच्या मुस्लिम घरांत त्याचे दोनच अर्थ होतात. एक हज-उमरा आणि दुसरा आखाती देशातली नोकरी. आमच्या धाराशिव जिल्ह्यात कुणाच्या घरी पासपोर्ट आला की शेजारीपाजारी हमखास विचारतात, "उमऱ्याला चाललात का दुबईला?" नुसते बघायला, समजून घ्यायला परदेशी जाणे हा तिसरा अर्थ आपल्या घरांत अजून फारसा रुजलेला नाही. खरे तर धरतीवर फिरा, पाहा, विचार करा, अशी शिकवण कुरआनात अनेक ठिकाणी आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी, माझे पती आणि नववीत गेलेली आमची मुलगी असे तिघे मलेशियाची राजधानी क्वालालंपूर पाहून आलो. सहा दिवसांचा प्रवास होता. पैसे तीन वर्षांच्या भिशीतले. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे उंच इमारतींपेक्षा दुकानांच्या पाट्याच मी जास्त वाचल्या. आणि त्या पाट्यांनी मला जे दिले, ते आपल्या मासिकाच्या वाचकांपर्यंत पोचवावे, म्हणून हा लेख.

हैदराबादमार्गे

आम्ही मुंबईऐवजी हैदराबादहून गेलो. नळदुर्ग, उमरगा करत सोलापूर-हैदराबाद महामार्गाने रातोरात हैदराबाद गाठता येते. तिथून क्वालालंपूरचे विमान चार तासांच्या आसपास घेते. हैदराबाद आमच्या जिल्ह्याला परके नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या संस्थानातच होतो. त्या काळात सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. आजही जमिनीचे जुने कागद वाचून घ्यायला लोक माझ्याकडे येतात. त्यात आमचे लोक कमी आणि देशमुख, पाटील, माळी जास्त. त्यांच्या आजोबा-पणजोबांच्या शेताच्या चतुःसीमा उर्दूत लिहिलेल्या असतात. लिपी एका धर्माची नसते, ज्याचे काम तिच्यात अडकले आहे त्याची ती असते, हे मी त्या कागदांवरून शिकले आहे. ही गोष्ट इथे सांगण्याचे कारण पुढे येईल.

क्वालालंपूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. विमानतळ शहराबाहेर सेपांग भागात आहे. तिथून वेगवान रेल्वेने साधारण अर्ध्या तासात माणूस शहरातल्या मुख्य स्थानकावर, केएल सेंट्रलला, पोचतो. वाटेत दोन्ही बाजूंना तेलताडाची झाडी. आम्ही मे महिन्यातल्या मराठवाड्यातून आलो होतो, डोळ्यांपुढे काळी ढेकळे आणि टँकर. इथे दुपार झाली की आभाळ भरून येते आणि तासभर कोसळून मोकळे होते. या शहरात वर्षाला २,४०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. आमच्याकडे चांगल्या वर्षीही सातशे-आठशेच्या घरात. वुजूसाठी नळ सोडला की पाणी धो धो येई आणि माझा हात सवयीने नळ बारीक करी. मुलीने ते पाहिले आणि हसली. मी म्हटले, "बेटा, वाहत्या नदीकाठी बसून वुजू केला तरी पाणी वाया घालवू नये, असेच शिकवले आहे."

नोटेवरची लिपी

रुपये बदलून रिंगिट घेतले. एका रिंगिटला वीस रुपयांच्या आसपास द्यावे लागले. मुलीने नोट उलटसुलट केली आणि विचारले, "अम्मी, ये उर्दू है क्या?"

नोटेवर अरबी वळणाची अक्षरे होती. मी वाचायला घेतली. बे ओळखीचा. पण पुढे ऐनवर तीन नुक्ते. असा ऐन मी जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या शब्दात काफवर एक नुक्ता. दोन मिनिटे खटपट केल्यावर उलगडले, "बँक नेगारा मलेशिया". नेगारा म्हणजे राष्ट्र. मूळ शब्द संस्कृत नगर. आपण नगर म्हणजे शहर म्हणतो, त्यांनी त्याचा देश केला.

या लिपीला जावी म्हणतात. अरबी मुळाक्षरांत मलय भाषेचे काही उच्चार नव्हते, म्हणून त्या लोकांनी नुक्ते वाढवून नवी अक्षरे घडवली. आपण उर्दूत 'प' लिहायला बेच्या खाली तीन नुक्ते देतो, त्यांनी फेच्या वर तीन नुक्ते दिले. आपण काफवर दुसरी रेघ ओढून गाफ केला, त्यांनी काफवर नुक्ता ठेवून 'ग' केला. 'च' मात्र दोघांचा सारखाच. आपल्याला ट, ड लागले, तर आपण वर छोटी तोय काढली. त्यांना 'ङ' आणि 'ञ' लागले, तर त्यांनी ऐन आणि नून यांवर तीन-तीन नुक्ते चढवले. मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आले आहे की भाषा आधी आणि लिपी नंतर, लिपीने भाषेच्या मापाचा सदरा शिवायचा असतो. हा सदरा इथे दुसऱ्या शिंप्याने शिवलेला प्रत्यक्ष पाहायला मिळाला.

जावी आता रोजच्या व्यवहारात कमी झाली आहे. देशाच्या भाषाविषयक कायद्याने मलयसाठी रोमन लिपी ठरवली, मात्र जावीला मनाई नाही, असेही त्याच कायद्यात लिहून ठेवले. त्यामुळे ती मशिदींवर, काही रस्त्यांच्या पाट्यांवर, नोटांवर आणि धार्मिक शिक्षणात टिकून आहे. एके काळी 'उतुसान मेलायू' हे वृत्तपत्र जावीतच निघायचे. आज तरुण मुले मलय बोलतात, पण जावीत अडखळतात. आपल्याकडेही घरात दखनी बोलणारी कितीतरी मुले उर्दूची ओळ वाचताना अशीच अडखळतात.

रोज्याला पुआसा, सवाबला पहाला

पहिल्या दिवशी विजेच्या एका पेटीवर लाल अक्षरांत 'बहाया' लिहिलेले दिसले. अर्थ धोका. मूळ शब्द भय. मग नादच लागला. मुलीने वही काढली आणि आम्ही शब्द वेचू लागलो. भाषा म्हणजे 'बहासा'. शिक्षकाला 'गुरू'. बाईला 'वनिता', बायकोला 'इस्तेरी' आणि नवऱ्याला 'सुआमी', म्हणजे स्वामी. यावर माझे पती दिवसभर खुशीत होते. कारण म्हणजे 'केराना'. गुपित म्हणजे 'राहसिया'. पंतप्रधान म्हणजे 'पेर्दाना मेंतेरी'. ग्रंथालयाला 'पेरपुस्ताकान', आत आपले पुस्तक दडलेले.

दुसऱ्या बाजूला आपले उर्दू-अरबी सोबती. 'दुनिया', 'किताब', 'वक्तू', 'जवाब', 'फिकिर', 'अकाल', 'झमान', 'उमुर', 'साबुन', खुर्चीला 'केरुसी', पत्त्याला 'आलामात'. वारही अरबीच, इस्निन, सलासा, राबू, खमिस, जुमात, साब्तू, अहाद.

भाषेच्या विकासासाठी त्या देशाने १९५६ साली एक सरकारी संस्था काढली. तिचे नाव 'देवान बहासा दान पुस्ताका'. 'दान' म्हणजे आणि. दीवान, भाषा आणि पुस्तक! दीवान माझ्या उर्दूचा, भाषा आणि पुस्तक माझ्या मराठीचे. मी जे दोन विषय शिकवते, ते एका मुस्लिमबहुल देशाने एकाच पाटीवर शेजारी शेजारी बसवून ठेवले आहेत आणि तिथे कुणाला त्यात काही वावगे वाटत नाही.

पण मला थांबवले ते पुढच्या शब्दांनी. मलय मुसलमान रोज्याला 'पुआसा' म्हणतात. मूळ शब्द उपवास. जन्नतला 'शुर्गा', म्हणजे स्वर्ग. जहन्नमला 'नेराका', म्हणजे नरक. धर्माला 'आगामा', म्हणजे आगम. सवाबला 'पहाला', म्हणजे फळ. आणि गुनाहला 'दोसा', म्हणजे दोष. मुलगी म्हणाली, "अम्मी, मग इथे डोसा खाणे गुनाह?" इथले तमिळ लोक डोशाला तोसै म्हणतात, त्यामुळे ती अडचण आपोआप सुटली आहे.

हे शब्द इस्लाम येण्यापूर्वी शेकडो वर्षे त्या भाषेत रुळले होते. व्यापारी आले, भिक्षू आले, राजे झाले, त्यांच्याबरोबर संस्कृत आली. पुढे अरब, गुजराती, तमिळ मुसलमान व्यापारी आले आणि इस्लाम पसरला. लोकांनी दीन बदलला, पण जीभ बदलली नाही. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावर तेरेंगानू राज्यात एक शिलालेख सापडला आहे. तो जावी लिपीतला सर्वांत जुना लेख मानतात, साल १३०३. त्यावर इस्लामी कायद्याचे नियम कोरले आहेत आणि त्यात अल्लाहसाठी 'देवाता मुलिया राया' हे शब्द आहेत. देवता हा शब्द आपल्याला कळतो. मुलिया म्हणजे उदात्त, मुळात आपले मूल्य. राया म्हणजे महान. पुढे अल्लाह हे नाव घरोघर रुजले आणि आज तेच ओठांवर आहे. पण सातशे वर्षांपूर्वी ज्यांनी त्या लोकांना तौहीद समजावून सांगितली, त्यांनी लोकांना आधीपासून कळणाऱ्या शब्दांतूनच सुरुवात केली. तौहीद त्यामुळे पातळ झाली नाही. आज त्या भूमीत पाच वेळा अजान होते.

मशिदीतली 'वनिता'

क्वालालंपूर या नावाचा अर्थ चिखलाचा संगम. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या जिथे मिळतात, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कथील शोधणारे चिनी खाणमजूर येऊन उतरले आणि शहर वाढत गेले. त्याच संगमावर आज मस्जिद जामेक उभी आहे. १९०९ साली बांधलेली, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, माडांच्या झाडीत. तिचा आराखडा आर्थर बेनिसन हबक या इंग्रज वास्तुकाराचा, पण घुमट आणि छत्र्या पाहिल्या की दिल्ली-आग्ऱ्याची आठवण होते. मोगल वळण त्याने मुद्दामच घेतले होते.

तिथून थोड्या अंतरावर मस्जिद नेगारा, राष्ट्रीय मशीद. १९६५ साली खुली झाली. तिला घुमट नाही. मुख्य छत उघडलेल्या छत्रीसारखे घड्याघड्यांचे आणि ७३ मीटर उंच मिनार मिटलेल्या छत्रीसारखा. ज्या देशात रोज पाऊस, तिथे छत्रीसारखी मशीद! इस्लामी वास्तू म्हणजे ठरावीक घुमट आणि ठरावीक कमान, ही समजूत तिथे गळून पडते. बिगरमुस्लिम पर्यटकांनाही ठरावीक वेळेत आत येऊ देतात. त्यांना अंगभर झगे देतात. स्वयंसेवक नीट माहिती सांगतात, कुणी काही विचारले तर रागावत नाहीत.

जोहरची वेळ झाली. बायकांच्या बाजूला 'वनिता' अशी पाटी होती. आत खुंट्यांवर आणि कपाटात पांढरे झगे टांगलेले. त्याला 'तेलेकुंग' म्हणतात. डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा, नमाजपुरता घालायचा. कार्यालयातल्या मुली आल्या, बाजारातल्या मावश्या आल्या, कडेवर लेकरे घेतलेल्या आया आल्या. झगा चढवला, रांगेत उभ्या राहिल्या. मी चाळिशी ओलांडलेली बाई. जन्मभर पाच वेळा अजान ऐकली, पण मशिदीत जमाअतीने नमाज मी त्या दिवशी पहिल्यांदा पढले. आपल्याकडे बहुतेक मशिदींत बायकांसाठी जागाच नसते. प्रवासात बाजारात असलो की घरी परतेपर्यंत वेळ टळते, किंवा एखाद्या दुकानाच्या मागे आडोसा शोधावा लागतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मदीनेच्या मशिदीत बायका नमाजला येत, हे आपण सगळेच वाचतो. तिथे ते साधेपणाने चालू असलेले पाहिले. मोठ्या दुकानसंकुलांत, रेल्वे स्थानकांत, विमानतळावरही 'सुराऊ' म्हणजे नमाजची खोली असते, पुरुषांची आणि बायकांची वेगळी. आमच्या हॉटेलच्या छतावर किबल्याची दिशा दाखवणारा बाण चिकटवलेला होता.

एक फरक मुलीच्या लगेच लक्षात आला. सायंकाळी मगरिबच्या नमाजात इमामांची सूरह फातिहा संपताच सगळी मशीद मोठ्याने "आमीन" म्हणाली. फजरला दुसऱ्या रकातीत रुकूनंतर हात उचलून दुआ झाली. मलय मुसलमान शाफई आहेत आणि आपण मराठवाड्यातले बहुतेक हनफी. मी तिला म्हटले, "रत्नागिरी-रायगडचे आपले कोकणी लोकही शाफईच." अरबांची गलबते ज्या किनाऱ्यांना लागली, तिथे शाफई पद्धत रुजली. कोकण, मलबार, मलाक्का ही त्याच समुद्री वाटेवरची गावे. दापोलीचा माणूस क्वालालंपूरच्या मशिदीत आमच्यापेक्षा जास्त घरच्यासारखा उभा राहील.

मामाचे हॉटेल आणि टॅक्सीवाला

खाण्याची चिंता करू नये. दुकानांवर सरकारी इस्लामी विभागाची हलाल मोहर असते. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सुकी मासळी, शेंगदाणे, अंडे आणि तिखट सांबाल, हा 'नासी लेमाक' तिथला रोजचा नाश्ता. शेंगदाण्याची चटणी खाणाऱ्या धाराशिवकराला तो आवडतोच. तमिळ मुसलमानांच्या हॉटेलांना 'मामाक' म्हणतात. तमिळ 'मामा'वरून आलेला शब्द, म्हणजे आपलाच मामा. तिथे पदर सुटणारा रोटी चनाई आणि डाळ मिळते. चहा एका भांड्यातून दुसऱ्यात हातभर वरून ओतून फेसाळ करतात. त्याचे नाव 'तेह तारिक', ओढलेला चहा. ही हॉटेले रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि मलय, चिनी, तमिळ सगळे एकाच बाकावर बसतात.

बातू लेण्यांकडे जाताना टॅक्सीवाला तमिळ हिंदू होता. पणजोबा रबराच्या मळ्यात मजूर म्हणून आले होते. तो तमिळ शाळेत शिकलेला. मलेशियात मलयबरोबर चिनी आणि तमिळ माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही सरकारी मान्यता आहे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत गप्पा झाल्या. तो म्हणाला, "माझे आजोबा इथे जन्मले, बाप इथे जन्मला. तरी लोक कौतुकाने म्हणतात, तुझी मलय फार चांगली आहे!"

मी चमकले. कारण हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. "मॅडम, तुमचे मराठी फार छान आहे हो!" हे मी कार्यशाळांत, बँकेत, लग्नाच्या मांडवात किती वेळा ऐकले असेल. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ज्या गावात माझ्या सात पिढ्यांच्या कबरी आहेत, तिथली भाषा मला येते याचे कुणाला नवल वाटावे, हेच मनाला टोचते. तेच टोचणे या माणसाच्या मनात होते. फक्त इथे बहुसंख्य माझे दीनी भाऊ होते आणि अल्पसंख्य तो.

२०२० च्या जनगणनेनुसार मलेशियात मुसलमान ६३.५ टक्के आहेत. राज्यघटनेने इस्लामला संघराज्याचा धर्म ठरवले आहे आणि इतर धर्म शांततेने पाळण्याची मुभाही दिली आहे. मलय आणि इतर मूळ रहिवाशांसाठी शिक्षण-नोकऱ्यांत खास तरतुदी आहेत. त्यांना म्हणतात 'बुमिपुतेरा'. आपला भूमिपुत्र! महाराष्ट्रात हा शब्द ऐकला की तो आपल्याला धरून आहे की वगळून, असा प्रश्न आपल्या मनात येतो. तोच प्रश्न तिथे त्या टॅक्सीवाल्याच्या मनात येत असणार.

२०१९ मध्ये चिनी आणि तमिळ शाळांच्या मलय पाठ्यपुस्तकात जावी सुलेखनाची काही पाने घालायचे ठरले, तेव्हा तिथे मोठा वाद झाला. शेवटी पाने कमी करून विषय ऐच्छिक केला गेला. हे कळले तेव्हा मी बराच वेळ विचार करत होते. जी लिपी मला मायेची वाटते, ती तिथल्या काही पालकांना दडपण वाटली. लिपीचा त्यात दोष नाही. ती प्रेमाने आली की जमिनीचे कागद घेऊन येणारे पाटीलही ती आपली मानतात, वरून आली की शाळेतले लेकरूही दचकते. हे बहुसंख्य असलेल्या प्रत्येकाने, कुठल्याही देशात, कुठल्याही धर्माचा असो, ध्यानात ठेवावे.

जुम्याचा तमिळ खुतबा

मस्जिद जामेकपासून चालत काही मिनिटांवर मस्जिद इंडिया आहे. तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी उभारलेली. आजूबाजूला साड्या, अत्तरे, मसाले यांची दुकाने. माझे पती जुम्याला तिथे गेले. परत आले ते नवल करत. "खुतबा तमिळमध्ये होता," ते म्हणाले, "आणि लोक कसे मन लावून ऐकत होते!" शहरातल्या इतर मशिदींत खुतबा मलयमध्ये असतो आणि इथे तमिळमध्ये. देश बदलला, पिढ्या उलटल्या, तरी त्या लोकांना आपला दीन आपल्या आईच्या भाषेत ऐकायला मिळतो.

मला आमच्याकडचा जुमा आठवला. बयान उर्दूत असते, बऱ्याचदा जड उर्दूत. मागच्या रांगांतली तरुण मुले मराठी शाळांत शिकलेली असतात. ती गप्प बसतात, पण किती समजते हे त्यांनाच ठाऊक. उलट एखाद्या घरात मुलीला मराठी शाळेत घातले की आजी विचारते, "फिर दीन कैसा सीखेगी?" शिक्षिका म्हणून हा प्रश्न मला दरवर्षी जूनमध्ये ऐकावा लागतो. मी उर्दू शिकवते, उर्दूवर माझे पोट आहे आणि प्रेमही आहे. उर्दू टिकावी म्हणून मी धडपडते. पण दीन फक्त उर्दूतच राहतो, ही भीती खरी नाही. 'पुआसा' म्हणणाऱ्यांचा रोजा आपल्यापेक्षा उणा नसतो. प्रत्येक प्रेषिताला त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवले, हे सूरह इब्राहीममध्ये आहे. भाषा आणि रंग यांचे वेगळेपण ही अल्लाहची निशाणी आहे, हे सूरह रूममध्ये आहे. आणि आपल्या मातीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. कुरआनचे मराठी अनुवाद आज घरोघरी मिळू शकतात. वाट आधीच पडलेली आहे, आपण चालायचे आहे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

१ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पर्यटकांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी ताजा नियम पाहून घ्यावा. पोचण्याच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन आगमन-पत्र भरावे लागते, ते मोफत आहे. शहरात रेल्वे आणि मोनोरेल सगळीकडे जाते, एकच कार्ड चालते. सुती कपडे आणि छत्री न्यावी. पंधरा दिवसांहून कमी मुक्काम असेल तर हनफी मुसाफिराने फर्ज चारच्या दोन रकाती पढाव्यात, पण तिथल्या मुकीम इमामांच्या मागे उभे राहिल्यास पूर्ण चार.

पेट्रोनासचे जुळे मनोरे सगळेच पाहतात, ४५२ मीटर उंच आणि ८८ मजल्यांचे. पाहताना एवढे ध्यानात असू द्यावे की त्यांचा तळ-आराखडा आठ टोकांच्या ताऱ्यावर बेतला आहे. कुरआनच्या पानांवर हिज्बच्या चौथ्या भागाची खूण म्हणून आपण जो तारा पाहतो, तोच. राष्ट्रीय मशिदीजवळचे इस्लामी कलासंग्रहालय मात्र चुकवू नये. त्यात भारत, चीन आणि मलय प्रदेश यांची वेगवेगळी दालने आहेत. एकच आयत तीन प्रांतांच्या हातांनी तीन वळणांत लिहिलेली तिथे पाहायला मिळते. लहान मुलांना नक्की न्यावे.

जून महिन्यात शाळा उघडल्यावर मी वर्गात एक तक्ता लावला. तीन रकाने, उर्दू, मराठी आणि मलय. सवाब, फळ, पहाला. जन्नत, स्वर्ग, शुर्गा. रोजा, उपवास, पुआसा. उर्दूच्या वर्गातली मुले आणि मराठीच्या वर्गातली मुले दोघेही तो वाचतात. एका मुलीने विचारले, "मॅडम, मग मराठीत दुआ मागितली तर अल्लाहला कळते ना?" मी म्हटले, "बेटा, त्याला तर न बोललेलीही कळते." त्या जुम्याला घरी मी पतींना सांगितले की मशिदीच्या विश्वस्तांकडे एक विनंती करून पाहा, खुतब्याआधीच्या बयानातली दहा मिनिटे मराठीत ठेवता येतील का. त्यांनी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही, पण नाहीही म्हटलेले नाही. आपापल्या गावी वाचकांनीही विचारून पाहावे.